मागून नेलेलं ताट

दुपारी नाटक कंपनीतला एक पोरगा दारात आला,
गळ्यात मफलर, कानामागे आदल्या रातचा रंग,
म्हणाला, काकू, एक ताट पायजे होतं जी,
जड पायजे, तिसऱ्या अंकात लागते,
आमचं मागच्या गावी राहून गेलं.

आईनं फळीवरची ताटं एकेक वाजवून पाहिली
आणि दिलं ते नेमकं नाव घातलेलं,
‘वच्छला मंसाराम नाकाडे’,
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.
मी म्हणालो, तेच कायले?
ती म्हणाली, त्याचा आवाज चांगला हाये.

मंडईची रात्र. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत
खोल खणून केलेलं थेटर, चारी बाजूंनी कनात.
बाबा पुढे खुर्चीत, सरपंचाशेजारी,
आम्ही दोघं मागे तणसावर, एका चादरीत.
तिकिटात फरक तीस रुपयांचा.

नाटक : ‘उंबऱ्याआड पेटली होळी’.
एक बाप, दोन लेक, एक सून
आणि एक विनोदी गडी, जो दर भांडणात
धोतरात पाय अडकून मधोमध पडायचा.
आम्ही हसायचो, भांडण कशावरून ते विसरायचो,
मग क्लॅरिओनेट वाजायचं,
म्हणजे आता रडायचं.

तीन वाजले असतील. चादर दहिवरानं ओली.
बाप जेवायला बसला. सुनेनं वाढलं,
म्हणजे नुसता हात हलवला,
ताट रिकामंच होतं, इथूनही दिसत होतं.
बापानं रिकाम्या ताटातला घास तोंडात घातला,
चावला,
म्हणाला, मीठ?
आणि फेकलं.

माईकखाली आपटून ताट कडेवर उभं राहिलं,
फिरलं, फिरत राहिलं,
आवाज आधी मोठा, मग जवळजवळ,
मग जमिनीला टेकत थरथरणारा.
तो थांबेपर्यंत कोणी बोलायचं नसतं,
हे मला ठाऊक होतं.
पण कोणीच बोललं नाही.
दोन हजार माणसं
आमच्या स्वयंपाकघरात बसली होती.

मग टाळ्या. मागून कोणीतरी ओरडलं, वन्स मोअर!
आणि त्यानं खरंच
पुन्हा उचललं, पुन्हा फेकलं.

आईचा हात चादरीबाहेर गेला.
मला वाटलं थंडी वाजते.
ती तणसात चाचपत होती,
सांडलेला भात गोळा करावा तशी,
चार बोटांनी, घाईघाईनं.
मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा
हात पदरात घेतला.

पुढे बाबा रुमालानं डोळे पुसत होते.
सुटल्यावर, चहाच्या टपरीजवळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,
काहो, असाही बाप असते काय दुनियेत?

सकाळी ताट परत द्यायला बापच आला,
म्हणजे तो नट. मिशी काढल्यावर
माझ्याहून लहान निघाला.
आईनं पोहे दिले. मस्त झाले जी, म्हणाला.
मीठ बरोबर हाये ना? आईनं विचारलं.
थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

जाताना ओशाळून म्हणाला, काकू, पोचा आला थोडा,
दोनदा फेकलं न.
आईनं ताट उजेडात धरलं, फिरवलं.
हा? तुमचा नाही.
हा पण नाही. हा तर हिच्या बारशाच्या साली...
असं म्हणून थांबली. ताईचं बारसं. ताई आता येत नाही.
त्याचा पोचा काही सापडेना.
तो बिचारा उगाच उभा, एका पायातली चप्पल चढवून.

दुपारी बाबांना त्याच ताटात वाढलं.
ते नाटकाचंच बोलत होते,
सुनेचं काम सरस, बापाचं जरा जास्तच झालं,
आणि बोलता बोलता घास तोंडात तसाच ठेवून थांबले.
मी थांबलो. बाहेर कोंबडीही थांबली असेल.
पाणी, म्हणाले.

आई केव्हाची उभी होती
मिठाची बरणी हातात धरून.